घरगुती हातकागद

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांत केम नांवाचें एक गांव आहे. मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जेऊर मागें पडलें कीं कुर्डुवाडीच्या अलीकडे हें स्टेशन लागतें. पाऊस बेताचा, रान ज्वारीचें. पण गांवाचें नांव दूरवर गेलें आहे तें कुंकवामुळें. हळदीपासून कुंकू करण्याची विद्या या गांवानें पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, आणि पंढरपूर-तुळजापूरसारख्या क्षेत्रांच्या बाजारांत केमच्या कुंकवाला मान मिळाला. यात्रेहून परतलेला माणूस प्रसादाबरोबर कुंकवाची पुडी आणतो. घरची गृहिणी ती उघडते. कुंकू करंड्यांत जातें, आणि ज्या कागदानें तें इतक्या दूर सुखरूप आणलें तो कागद केराच्या टोपलींत जातो.

केरांत गेलेल्या या कागदाचें पुढें काय होतें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मुलांच्या जुन्या वह्या, उत्तरपत्रिका, आलेलीं पाकिटें, पुड्यांचे कागद, वर्तमानपत्रें असा कितीतरी कागद सुशिक्षित घरांतून दर महिन्यास बाहेर पडतो. त्यांतील कांहीं कागदाला घरच्या घरींच दुसरा जन्म देतां येतो. त्यासाठीं कारखाना नको, भट्टी नको. एक टब, एक जाळीची चौकट, दोन-चार फडकीं आणि थोडा धीर एवढी सामग्री पुरते.

टाकाऊ वस्तूंपासून कागद करणें ही कांहीं आजच्या काळाची नवी टूम नव्हे. कागदाचा जन्मच मुळीं टाकाऊ वस्तूंतून झालेला आहे. इ. स. १०५ मध्यें चीनच्या दरबारांतील त्साइ लुन या अधिकाऱ्यानें कागदाची कृति बादशहास सादर केली, असें चिनी इतिहास सांगतो. त्या कृतींत झाडाची साल व ताग यांच्या जोडीला जुन्या चिंध्या आणि कोळ्यांचीं फाटकीं जाळीं यांचा उपयोग केलेला होता. महाराष्ट्रांत ही कला कागदी लोकांनीं वाढविली. दौलताबादेजवळचें कागजीपुरा, खानदेशांतील एरंडोल, पुणें जिल्ह्यांतील जुन्नर हीं तिचीं नामांकित ठिकाणें. कागजीपुऱ्याची परंपरा महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली त्या काळापर्यंत नेण्यांत येते. पुण्यांत कसबा पेठेंतील कागदीपुरा हें नांव आजहि त्या धंद्याची आठवण देतें.

१८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत या धंद्याची हकीकत आली आहे. ती वाचली म्हणजे घरगुती कागदाची सारी कृति तींत बीजरूपानें सांपडते. रद्दी कागद गोळा करावयाचा, फाडून रंगाप्रमाणें निवडावयाचा, भिजवून कुटावयाचा आणि नदीच्या वाहत्या पाण्यांत धुवावयाचा. तो लगदा हौदांत कालवून बारीक काड्यांच्या छापरीवर एकेक ताव उचलावयाचा. ओले ताव भिंतीस कुंच्यानें चिकटवून वाळवावयाचे. नंतर खळ लावून गुळगुळीत दगडानें घोटावयाचे. या घोटीव कागदावर बोरूची लेखणी पाण्यावर होडी चालावी तशी चाले. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी लिपींतील जे असंख्य कागद आज वाचावयास मिळतात, ते टिकण्यास काळजीपूर्वक केलेली ठेवण जितकी कारण आहे तितकाच हा कागदहि कारण आहे. चिंध्यांतील कापसाचा व तागाचा लांब तंतु आणि आम्लाचा अभाव, या दोन गोष्टींनीं त्याला दीर्घायुष्य दिलें.

एकोणिसाव्या शतकांत गिरण्यांचा कागद आला आणि चित्र पालटलें. लाकडाचा भुगा करून त्यापासून कागद करण्याची युक्ति युरोपांत निघाली. हा कागद स्वस्त पडला. पण लाकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य त्यांत राहत असल्यामुळें उन्हांत तो पिवळा पडतो. त्यांतच, शाई फुटूं नये म्हणून गिरण्या लगद्यांत राळ व तुरटी घालीत. तुरटीमुळें कागदांत आम्ल तयार होतें, आणि तें आम्ल वर्षानुवर्षें तंतूंना आंतून कुरतडीत राहतें. म्हणूनच दोनशें वर्षांपूर्वींचें दप्तर उलगडतां येतें आणि आजोबांच्या काळचें मासिक बोट लावतांच मोडतें. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक गिरण्यांनीं ही आम्लाची रीत सोडली. पण तोंपर्यंत कागदी लोकांचे हौद बहुतेक ठिकाणीं कोरडे पडले होते.

तरीहि कला अगदींच बुडाली नाहीं. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानें वर्ध्याच्या मगनवाडींत हातकागदाचे प्रयोग चालविले. १९४० सालीं पुण्यास शिवाजीनगर भागांत हातकागद संस्था निघाली. आज हातकागदाच्या कारखान्यांत कापड शिवतांना उरणाऱ्या सुती कातरणाचा मोठा उपयोग होतो. आणि कागजीपुऱ्यांतहि कागद होतच आहे. घरीं कागद करूं पाहणारी गृहिणी किंवा शाळकरी मुलगा या जुन्या पंक्तींतच येऊन बसतो.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळावें. प्रथम रद्दीची निवड. वह्यांचीं पानें, टपालाचीं पाकिटें, छापील पत्रकें हा माल उत्तम. कारण त्यांतील तंतु धुतलेला व बळकट असतो. वर्तमानपत्राचा तंतु आंखूड, लिग्निनयुक्त आणि शाईनें काळवंडलेला असतो. तो चौथ्या हिश्शाहून अधिक घालूं नये. ज्या निमंत्रणपत्रिका फाडतांना कडेला पातळ पापुद्रा ताणला जातो, त्यांवर प्लॅस्टिकचा लेप असतो; त्या टाळाव्या. दुकानांत यंत्रांतून निघणाऱ्या ज्या पावतीवर नखानें ओढलें असतां काळी रेघ उठते, तिच्यावर रसायनाचा थर असतो, तीहि नको. टांचण्या, तारा व चिकटपट्ट्या निवडून काढाव्या.

निवडीच्या या घटकेला एक सावधगिरी मात्र प्राणापलीकडे जपावी. जुन्या घराच्या माळ्यावरून उतरलेली पेटी रद्दी समजून थेट पाण्यांत बुडवूं नये. मोडींतील जमाखर्च, इनामाचे व वतनाचे कागद, वंशावळी, कुंडल्या, आजीनें माहेरीं लिहिलेलीं पत्रें यांतील एकहि कागद दुसऱ्यांदा लिहून मिळावयाचा नसतो. इतिहासाचार्य राजवाडे असेच कागद शोधीत गांवोगांव हिंडले, आणि त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. त्यांच्या हातीं लागले ते कागद वाचले. जे त्यापूर्वींच रद्दी म्हणून विकले गेले, कुटले गेले, त्यांत काय होतें हें आतां कोणीहि सांगूं शकणार नाहीं. कागद पुन्हा करतां येतो. त्यावरचा मजकूर पुन्हा करतां येत नाहीं. म्हणून न वाचतां येणारा कागद निरुपयोगी मानूं नये. तो बाजूस ठेवावा आणि मोडी जाणणाऱ्यास दाखवावा. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालापासून अशाच कागदांच्या जपणुकीसाठीं उभें आहे.

निवड झाल्यावर कागदाचे अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे करावे. ते कात्रीनें कापूं नयेत, हातानें फाडावे. कापल्यानें तंतु तुटतो, फाडल्यानें तो मोकळा होतो. हे तुकडे रात्रभर पाण्यांत भिजत ठेवावे. सकाळीं ते उखळांत घालून मुसळानें कुटावे, किंवा मूठभर तुकडे व भरपूर पाणी मिक्सरमध्यें घालून थांबून थांबून फिरवावे. पाणी कमी पडल्यास यंत्र तापतें. हें भांडें स्वयंपाकाच्या कामीं पुन्हा घेऊं नये, कारण छपाईची शाई खाण्यांत जाणें बरें नव्हे. चमचाभर लगदा पेलाभर पाण्यांत ढवळून उजेडाकडे धरावा. पाणी विरळ दुधासारखें सारखें दिसलें तर लगदा साधला. तुकडे तरंगतांना दिसले तर आणखी कुटावें.

कागद एकदां वाळला कीं त्याच्या तंतूची पाणी पिण्याची शक्ति कांहींशी कमी होते, आणि दर खेपेस कुटतांना तो आंखूडहि होतो. त्यामुळें रद्दीचा पुनर्जन्म अनंत वेळां होऊं शकत नाहीं. या दुबळ्या तंतूला नव्या लांब तंतूची जोड द्यावी. त्यासाठीं जुनें मऊ झालेलें सुती धोतर किंवा लुगडें उत्तम. त्याचे धागे उसवून नखाएवढे कापावे, धुण्याच्या सोड्यांत तासभर उकळावे, भरपूर धुवावे आणि चांगले कुटावे. चार भाग रद्दीस एक भाग असा धागा पुरतो. सोलापूरसारख्या चादरी व टॉवेल विणणाऱ्या शहराच्या आसपास सुती कातरणाला तोटा नाहीं.

धाग्यांतील सोडा पुरता धुतला गेला किंवा नाहीं, हें ओळखण्याची कसोटी केमच्या गांवविद्येंतच आहे. पांढऱ्या कागदाची पट्टी हळदीच्या पाण्यांत बुडवून वाळवावी. सोडा, साबण किंवा चुना लागतांच ही पिवळी पट्टी तांबडी होते. लिंबाचा थेंब पडतांच पुन्हा पिवळी होते. धागे धुतलेल्या शेवटच्या पाण्यांत ही पट्टी पिवळीच राहिली, तर धुणें पुरें झालें असें समजावें. रसायनशाळेंतहि हळदीच्या कागदाचा असा उपयोग करीत आले आहेत. कुंकवाच्या पारंपरिक कृतींत हळकुंडांना लिंबाचा रस, टाकणखार व तुरटी यांचा पुट देतात. तेथें हळदीच्या रंगद्रव्याचा टाकणखाराशीं संयोग होऊन अधिक टिकाऊ तांबडा रंग उतरतो. म्हणून आंबट रस असूनहि कुंकू पिवळें पडत नाहीं. घरांतील मुलाला रसायनशास्त्राचा पहिला धडा देण्यास देवघरांतील करंडा पुरेसा आहे.

आतां चौकट. पत्राच्या कागदाएवढ्या, म्हणजे सुमारें २१ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब पोटाच्या दोन लाकडी चौकटी घ्याव्या. एकीवर मच्छरदाणीची बारीक जाळी ढोलकीच्या कातड्यासारखी ताणून ठोकावी; दुसरी मोकळी ठेवावी. चौकट ज्यांत आडवी बुडेल अशा पसरट टबांत १५ लिटर पाणी घेऊन, १५० ग्रॅम कोरड्या कागदाचा लगदा त्यांत कालवावा. अशा एका तावास सुमारें ६ ग्रॅम तंतु लागतो. म्हणजे नासधूस धरूनहि या लगद्यांत २० ताव निघावे.

जाळीवर मोकळी चौकट ठेवून दोन्ही घट्ट धराव्या, लगदा ढवळावा, आणि चौकट उभी बुडवून पाण्याखालीं आडवी करून सरळ वर उचलावी. पाणी निथळत असतां तिला प्रथम पुढें-मागें व मग डावी-उजवीकडे हलका हिसका द्यावा. कागदाची सारी ताकद या एका हिसक्यांत आहे. त्यानें तंतु एकमेकांवर आडवे-उभे पडतात आणि जणूं विणले जातात. कागदांत डिंक नसतांनाहि तो एकसंध राहतो याचें कारण असें कीं, पाणी उडून जातांना ओले तंतु एकमेकांजवळ ओढले जातात आणि त्यांच्यांतील हायड्रोजनचे सूक्ष्म बंध त्यांना जखडून ठेवतात. निथळतें पाणी टबांतच पडूं द्यावें. पहिले चार-पांच ताव बहुधा बिघडतात. एका कडेस जाड झाले तर चौकट तिरपी उचलली गेली असें समजावें; मध्यें भोंक पडलें तर थेंब पडला किंवा ढवळण्यांत आळस झाला. बिघडलेला ताव पुन्हा टबांत टाकतां येतो. या धंद्यांत चूक फुकट जात नाहीं.

मोकळी चौकट काढून जाळी ओल्या सपाट फडक्यावर पालथी घालावी. पाठीमागून स्पंजानें पाणी टिपावें आणि एका कडेपासून हळूहळू उचलावी. ताव फडक्यावर राहतो. त्यावर दुसरें फडकें, दुसरा ताव अशी थप्पी रचावी. ती दोन फळ्यांत घालून वर पाटा ठेवावा आणि तासभर दाबावी. मग एकेक ताव फडक्यासह दोरीवर टाकावा, किंवा कागदी लोकांप्रमाणें गुळगुळीत भिंतीला अथवा कांचेला कुंच्यानें चिकटवावा. कांचेकडील बाजू विशेष गुळगुळीत निघते. वैशाखाच्या कडक उन्हांत मात्र वाळवूं नये. सोलापुराकडील उन्हांत ताव पाहतां पाहतां पापडासारखा वळतो. सावलींत, वाऱ्यावर वाळवावा.

असा कागद शाई पितो. लिहिण्यासाठीं हवा असल्यास त्याला खळ द्यावी. तांदळाच्या पिठाची पातळ खळ गाळून, कोमट असतांना कुंच्यानें एका बाजूस लावावी. वाळल्यावर दुसऱ्या बाजूस लावावी. नंतर ताव लाकडी पाटावर ठेवून मोठ्या कवडीनें किंवा गुळगुळीत गोट्यानें घोटावा. तुरटी घालण्याचा मोह टाळावा. तिनें गिरणीच्या कागदाचें काय केलें तें वर आलेंच आहे. उलट, लगद्यांत खडूची चिमूटभर पूड घातली तर ती पुढें होणाऱ्या आम्लाला मारते. खळीच्या वासानें कसर येते, म्हणून कागद कोरड्या जागीं ठेवावा व मधून मधून उघडून पाहावा. पूर्वींचे लेखक कसर लागूं नये म्हणून हरताळाचा उपयोग करीत. पण हरताळ हें सोमलाचें विष असल्यामुळें घरीं त्याच्या वाटेस जाऊं नये. रंगच हवा असेल तर हळद आहे. मात्र उन्हांत तो उडतो, आणि साबणाचा ओला हात लागला कीं तांबडा डाग पडतो, हें ध्यानांत ठेवावें.

एक प्रश्न उरतो, आणि तो केमसारख्या गांवीं विशेष खरा आहे : पाण्याचा. टबाचें व भिजवण्याचें मिळून वीस-पंचवीस लिटर पाणी लागतें. करमाळ्याकडील उन्हाळा ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ही कांहीं थोडकी रक्कम वाटणार नाहीं. म्हणून हें काम पावसाळ्यानंतर करावें, टबांतील पाणी पुढच्या खेपेस पुन्हा घ्यावें आणि शेवटीं गाळून फुलझाडांना घालावें. उरलेला लगदा मोरींत ओतूं नये, मोरी तुंबते. तो पिळून, गोळे वाळवून ठेवावे. पुढें भिजवले कीं पुन्हा कामास येतात. ओला ठेवल्यास दोन-तीन दिवसांत त्यास घाण सुटते.

आणि लाभाचा हिशेबहि स्वच्छ मांडावा. घरीं केलेला ताव वाण्याकडील वहीच्या पानाहून स्वस्त पडत नाहीं. श्रम धरले तर तो महागच पडतो. सारी रद्दी त्यांत जिरत नाहीं. उरलेली गिरणीकडेच गेली पाहिजे. छापील रद्दीच्या या कागदांत खाद्यपदार्थ बांधूं नयेत. मग करावयाचा कशासाठीं? ज्या मुलानें एक ताव उचलण्यासाठीं सकाळभर हात ओले केले, तो वहीचें कोरें पान सहजासहजीं चुरगळून फेकीत नाहीं. ज्या घरीं रद्दी निवडण्याची संवय लागली, त्या घरीं आजोबांचा कागद नजरचुकीनें केरांत जात नाहीं. आणि धोतराच्या धाग्याचा, खळ दिलेला, घोटलेला एखादा ताव, ज्यावर घराण्याची वंशावळ किंवा आजीनें सांगितलेली हकीकत लिहून ठेवावी, असा हाताशीं असतो.

केमच्या कुंकवाची पुढची पुडी घरीं येईल तेव्हां तिचा कागद लेपाचा नाहीं एवढें पाहून, झटकून बाजूस ठेवावा. असे दीडशें ग्रॅम कागद जमण्यास वेळ लागत नाहीं. पुडीला चिकटलेलें थोडें कुंकू लगद्यांत उतरलें, तर तावावर कोठें कोठें तांबूस छटा येईल. ती धुऊन काढण्याचें कारण नाहीं.